खासगी शाळांची बाद फेरी वेगळी का, आणि आठवीतल्या मुलाला तिकडे घालावं का? (न्यू जर्सी, मुलांचं बास्केटबॉल)

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा आठवीत, उंची पाच फूट दहा इंच, मुक्काम एडिसन. फेब्रुवारीत काउंटी स्पर्धेत टाऊनच्या शाळेला एका कॅथलिक शाळेनं तीसेक गुणांनी धुतलं. मार्चमध्ये राज्य स्पर्धा लागली तेव्हा मात्र या दोन शाळा एकमेकींच्या वाटेलाही आल्या नाहीत, गटच वेगळे. ही फारकत कशासाठी? खासगी शाळा एवढ्या भारी का पडतात? आणि मुलाला खेळाचं वेड आहे, तर फी भरून तिकडे घालावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बाद फेरीचा तक्ता बघून शाळा निवडू नका. जी शाळा मार्चमध्ये सगळ्यात पुढे जाते, तिथे पाच फूट दहा इंचांच्या नववीतल्या मुलाला खेळायला मिळण्याची शक्यता बहुधा सगळ्यात कमी असते. का, ते कळायला ही सगळी यंत्रणा समजून घ्यावी लागेल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इकडे 'पब्लिक' म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टची, घरपट्टीवर चालणारी शाळा. पुण्यात पाटीवर 'पब्लिक स्कूल' असतं आणि फी लाखात असते, ते नव्हे. बाकीच्या सगळ्या, म्हणजे कॅथलिक, ज्यू, स्वतंत्र डे-स्कूल, या न्यू जर्सीच्या आंतरशालेय क्रीडा संघटनेच्या (एनजेएसआयएए) भाषेत 'नॉन-पब्लिक'. ही संघटना पब्लिक शाळांचे पटसंख्येवरून चार ग्रुप करते, ग्रुप १ सगळ्यात लहान शाळांचा, ग्रुप ४ सगळ्यात मोठ्यांचा. प्रत्येक ग्रुपचे पुन्हा चार भौगोलिक विभाग. म्हणजे १६ विभागीय विजेते आणि त्यातून चार राज्य विजेते. नॉन-पब्लिकचे दोनच गट: मोठ्या शाळांचा ए, लहान शाळांचा बी, आणि प्रत्येकात उत्तर व दक्षिण. चार विभागीय विजेते, दोन राज्य विजेते. विभागाची अंतिम लढत जिंकलात की थेट राज्याची अंतिम लढत.

या सहा विजेत्यांची आपसात 'टुर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स' व्हायची. १९८९ ला सुरू झालेली ही स्पर्धा २०२२ नंतर बंद झाली. त्यामुळे राज्यात सगळ्यात भारी कोण, याचा निकाल आता मैदानावर लागत नाही, गप्पांमध्येच लागतो.

लीग आणि काउंटी स्पर्धा मात्र सगळ्यांच्या एकत्र असतात. तुमच्या मिडलसेक्स काउंटीत ग्रेटर मिडलसेक्स कॉन्फरन्स, तोंडी 'जीएमसी'. तिच्यात एडिसन आणि जे. पी. स्टीव्हन्स आहेत, तशीच मटचनची सेंट जोसेफ ही फक्त मुलांची कॅथलिक शाळाही. जे विल्यम्स, अँड्र्यू बायनम आणि शेजारच्या पिस्काटवेत वाढलेला कार्ल-अँथनी टाउन्स हे तिघं एनबीएवाले तिथलेच. म्हणून फेब्रुवारीत तुम्हाला ती लढत बघायला मिळाली आणि मार्चमध्ये नाही.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धा बघत वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. तिकडे १४, १७, १९ वर्षांखालील असे वयाचे गट. शाळा महापालिकेची की कॉन्व्हेंट, कोणी विचारत नाही. इकडे उलटं. वयाचे गट नाहीतच. नववी ते बारावी सगळे एकाच व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघासाठी भांडतात. चौदा वर्षांचं पोर आणि साडेअठरा वर्षांचा दाढीवाला एकाच रिंगाखाली रिबाउंडला उडी मारतात. (आणि हो, दहावीला मिळतात तसले क्रीडागुण इकडे नाहीत.)

आता फारकतीचं कारण. पब्लिक शाळेला हद्द असते. टाऊनच्या हद्दीत जो राहतो तोच तिथे शिकतो, त्यातूनच कोचनं संघ काढायचा. यंदा सहा फूट आठ इंचांचा कोणी नसला तर नसला. खासगी शाळेला हद्द नाही. तासाभराच्या अंतरावरून रोज ट्रेननं येणारी मुलं असतात. हा फरक सगळ्याच खेळांत आहे, पण बास्केटबॉलमध्ये तो सगळ्यात जास्त टोचतो, कारण मैदानावर पाचच जण असतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा, बचावाचे अकरा, वर राखीव. तिथे तीन हजारांची शाळा आणि चारशेंची शाळा यांत खरंच फरक पडतो. बास्केटबॉलमध्ये दोन मुलं कमालीची असली आणि तीन बरी असली की चारशे पटाची शाळा राज्य जिंकते. पटसंख्येवर गट पाडणं या खेळाला मुळातच नीट लागू पडत नाही. वादाचं मूळ इथे आहे, आणि प्रत्येक राज्यानं त्यावर वेगळा तोडगा काढलाय.

इलिनॉयनं गुणक आणला. बिनहद्दीच्या शाळेचा पट १.६५ नं गुणायचा. फक्त मुलांची किंवा फक्त मुलींची शाळा असेल तर आधी दुप्पट करायचा. म्हणजे फक्त मुलांच्या शाळेत ६०० मुलं असतील तर १२००, आणि गुणकानंतर १९८०. कागदावर ती मोठ्या शाळांच्या पंगतीत जाऊन बसते. पण ज्या शाळेत गुणवान मुलं येतच नाहीत, तिलाही हाच गुणक लागला तर ती विनाकारण मार खाते. म्हणून यश न मिळालेल्या शाळांना सूट द्यावी लागली. इंडियानाची रीत मला जास्त पटते. तिथे १९९७ पर्यंत लहानमोठ्या सगळ्या शाळांची एकच स्पर्धा होती, मग चार वर्ग झाले आणि २०१२ पासून 'सक्सेस फॅक्टर' आला: राज्य स्पर्धेचा पहिला टप्पा, म्हणजे सेक्शनल, जिंकला की १ गुण, रीजनलला २, सेमी-स्टेटला ३, राज्य विजेतेपदाला ४. दोन वर्षांत सहा गुण झाले की वरच्या वर्गात. खासगी असो की पब्लिक, नियम एकच. कॅलिफोर्निया त्याच्याही पुढे गेलं. तिथे पटसंख्या जवळपास बाजूला ठेवून कामगिरीवरून विभाग पाडतात आणि सगळ्यात वर 'ओपन डिव्हिजन', २०१३ पासून. त्यात खासगीवाले भरपूर. हार्वर्ड-वेस्टलेकनं २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं ती जिंकली. पण २०२५ ला ईस्टव्हेलच्या रूझवेल्ट या पब्लिक शाळेनं ती नेली. टेक्सासमध्ये खासगी शाळांची संघटनाच निराळी आहे, टॅप्स. पब्लिकच्या यूआयएलमध्ये खासगी म्हणून जेमतेम दोन जेझुइट शाळा, एक ह्यूस्टनची, एक डॅलसची.

म्हणजे न्यू जर्सीत 'नॉन-पब्लिक ए'चा विजेता आणि 'ग्रुप ४'चा विजेता यांची तुलना पटसंख्येवरून करूच नका. दोन्ही वेगवेगळ्या तलावांतले मासे आहेत.

'पैसा आहे म्हणून जिंकतात' हे अर्धसत्य आहे. जर्सी सिटीची सेंट अँथनी घ्या. गरीब वस्तीतली लहान कॅथलिक शाळा, स्वतःचं जिमसुद्धा नव्हतं. सराव उधारीच्या कोर्टांवर. कोच बॉब हर्ली पेशानं प्रोबेशन ऑफिसर होते. तरी २८ राज्य विजेतेपदं, आणि २०१० मध्ये हर्ली नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये. २०१७ मध्ये शाळा बंद पडली, ती पैशाअभावी. तिच्याकडे होतं ते तीन गोष्टींचं मिश्रण: हद्द नाही, एकच कोच कित्येक दशकं टिकून, आणि डिसेंबरपासून तगड्या संघांविरुद्धचे सामने. आजच्या बलाढ्य खासगी शाळांमध्येही याच तीन गोष्टी सापडतील. चकाचक वेट रूम नंतर येते.

तिसरी गोष्ट, म्हणजे वेळापत्रक, पालक सगळ्यात कमी लक्षात घेतात. बाद फेरीतलं मानांकन नुसत्या विजयांवर ठरत नाही. पुष्कळ ठिकाणी वापरतात ते जुनं आरपीआयचं सूत्र बघा: स्वतःची विजयांची टक्केवारी २५ टक्के वजनानं, प्रतिस्पर्ध्यांची ५० टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची २५ टक्के. समजा एक संघ २० जिंकला, ५ हरला, पण समोरचे लिंबूटिंबू, त्यांची टक्केवारी ०.४२० आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची ०.४८०. हिशेब: ०.२०० + ०.२१० + ०.१२० = ०.५३०. दुसरा संघ १५ जिंकला, १० हरला, पण समोरचे ०.६०० वाले आणि त्यांच्या समोरचे ०.५४० वाले. ०.१५० + ०.३०० + ०.१३५ = ०.५८५. दहा सामने हरलेला संघ वरच्या मानांकनावर, आणि पहिली फेरी स्वतःच्या जिममध्ये. न्यू जर्सीचं पॉवर पॉइंटचं सूत्र याहून वेगळं आहे, तत्त्व मात्र तेच: कोणाला हरवलंत ते महत्त्वाचं. एक कट-ऑफ तारीख असते. तिच्यानंतरचे निकाल धरत नाहीत. म्हणून खासगी शाळा डिसेंबर-जानेवारीत दुसऱ्या राज्यांत जाऊन मार खाऊन येतात, आणि तो मार त्यांना मार्चमध्ये उपयोगी पडतो. पॉइंटसाठी तर पडतोच. पण जानेवारीत सहा फूट दहा इंचांच्या सेंटरसमोर शॉट घेऊन बघितलेला मुलगा मार्चमध्ये बावरत नाही.

याचं जुनं उदाहरण म्हणजे जानेवारी १९६५ ची लढत. मेरीलँडच्या डिमॅथा या कॅथलिक शाळेचे कोच मॉर्गन वूटन यांच्यासमोर न्यूयॉर्कची पॉवर मेमोरियल होती, लागोपाठ ७१ सामने जिंकलेली. तिच्यात सात फुटी ल्यू अल्सिंडोर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार. वूटन यांनी सरावात बचावपटूंच्या हातात टेनिसच्या रॅकेट दिल्या आणि त्या उंच धरायला लावल्या. आक्रमकांनी त्यांच्यावरून शॉट मारायचा. सामन्यात चेंडूची कमान आपोआप उंचावली. डिमॅथा ४६-४३ नं जिंकली. रॅकेट कोणत्याही टाऊनच्या शाळेला परवडते. आज झाडूच्या दांड्याला फोमचं पॅड बांधूनही तेच साधता येतं.

आता तो तीस गुणांचा पराभव. असा पराभव बहुधा चार क्वार्टरभर पसरलेला नसतो. साधारण चार मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं, आणि बाकीच्या २८ मिनिटांत फरक फारसा वाढत नाही. ती चार मिनिटं म्हणजे फुल-कोर्ट प्रेस, समोरच्यांना त्यांच्याच अर्ध्यापासून मैदानभर दाबणं. खासगी शाळेचा बेंच खोल, दहा मुलं जवळपास सारख्या ताकदीची. नियमही तिच्या सोयीचा झालाय: २०२३-२४ पासून राष्ट्रीय नियमपुस्तकात 'वन-अँड-वन' (पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा) गेलं, संघाचे फाऊल आता दर क्वार्टरला शून्यावर येतात आणि क्वार्टरमधल्या पाचव्या फाऊलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणजे शॉटवर न केलेले चार फाऊल प्रत्येक क्वार्टरला जवळजवळ फुकट. व्यक्तीची मर्यादा पाच. दहा जणांच्या संघाला हे परवडतं, सात जणांच्या संघाला नाही. त्याचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा, दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिसरा फाऊल घेऊन बेंचवर, की संपलं.

प्रेस फुटत का नाही, ते जवळून बघा. बास्केट झाल्यावर चेंडू आत टाकणारा घाईनं जवळच्या कोपऱ्यात पास देतो. घेणारा बेसलाइनकडे तोंड करून पकडतो, पाठीमागचं कोर्ट त्याला दिसतच नाही. वळतो आणि पहिली गोष्ट करतो ती ड्रिबल, साइडलाइनच्या कडेनं. बचाव त्याला जाऊ देतो, कारण त्यांना तेच हवं असतं. मध्यरेषा ओलांडून दोन पावलं टाकली की दुसरा बचावपटू येऊन धडकतो. आता एका बाजूला साइडलाइन, मागे मध्यरेषा, समोर दोन माणसं. ड्रिबल थांबलेला. मग हवेतला लांब पास, आणि समोरच्याचा लेअप. असं चार वेळा झालं की सामना गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे पॉइंट गार्डला चेंडू नकोसा होतो.

उपाय माहीत असलेलाच आहे, फक्त रोज घोटावा लागतो. एक, बास्केट पडल्यावर आत टाकणारा बेसलाइनवर धावू शकतो. हा हक्क अर्धे संघ वापरतच नाहीत. दोन, चेंडू हातात आलेल्याला नेहमी तीन वाटा हव्यात: पुढे साइडलाइनला एक, मध्यभागी एक, आणि तिरका मागे एक. मधला जो असतो तो संघातला सगळ्यात शांत डोक्याचा, उंच असला तर उत्तम. त्यानं दोन्ही पायांवर उतरून चेंडू घ्यायचा, वळायचं, बघायचं, मगच पुढे. तीन, बघेपर्यंत ड्रिबल नाही. मागच्या अर्ध्यातून बाहेर पडायला दहा सेकंद असतात, आणि तीन चांगल्या पासांना चार सेकंदही पुरतात. सरावात पाच जणांसमोर सात बचावपटू उभे करा, दहा-बारा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. सातांतून चेंडू काढता आला की पाच जण विरळ वाटू लागतात. आणि चार, प्रेस फोडल्यावर लेअप घ्यायचाच. फोडून बाहेर थांबलात तर प्रेस करणाऱ्याचं काहीच नुकसान होत नाही, तो पुन्हा करणार.

कमकुवत संघाचं दुसरं शस्त्र म्हणजे सामना आखूड करणं. समजा बलाढ्य संघ दर ताब्यामागे (चेंडू हातात आल्यापासून जाईपर्यंत एक ताबा) १.०५ गुण करतो, तुम्ही ०.९०. सत्तर ताब्यांच्या सामन्यात फरक साडेदहा, पन्नासच्या सामन्यात साडेसात. आणि ताबे कमी झाले की नशिबाचा वाटा वाढतो. तुमचे दोन जादा तीन-गुणी पडले की लढत जवळजवळ बरोबरीत. शॉट क्लॉक (ठरलेल्या सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ) नसेल तर हे सोपं जातं. क्लॉक लावायचं की नाही ते २०२२-२३ पासून राज्यांवर सोपवलंय, लावलं तर ३५ सेकंदांचं. क्लॉक असलं तरी पहिल्या दहा सेकंदांत शॉट नाही, एवढी शिस्त पुरते. फसतं कुठे? मुलं हळू खेळायला सांगितलं की घाबरून खेळतात, रिंगाकडे बघेनाशी होतात. हळू म्हणजे बास्केटच्या दिशेनं हळू.

आणखी दोन बारकावे, जे अंतिम टप्प्यात गोत्यात आणतात. शाळेचं कोर्ट ८४ फूट लांब असतं, विद्यापीठाच्या अरीनातलं ९४. त्या दहा फुटांत शाळेच्या जिममध्ये घट्ट बसलेली प्रेस सैल पडते, आणि रिंगामागे भिंतीऐवजी लांबवर खुर्च्या असल्यानं बाहेरून मारणाऱ्यांचा अंदाज चुकतो. अशा लढतीआधी एखाद्या मोठ्या जिममध्ये तासभर नुसतं शूटिंग मिळालं तरी पुष्कळ. दुसरं, ओव्हरटाइम चार मिनिटांचा आणि चौथ्या क्वार्टरचाच पुढचा भाग धरतात. संघाचे फाऊल तिथे शून्यावर येत नाहीत. हे विसरून ओव्हरटाइमच्या पहिल्याच मिनिटात धसमुसळा फाऊल करणारे आणि दोन फ्री थ्रो देऊन बसणारे संघ दर वर्षी दिसतात.

आता तुमचा मुलगा.

बलाढ्य खासगी शाळेच्या व्हर्सिटीत बारा-चौदा जण. बाद फेरीत कोच सात-आठ जणांवर येतो. त्यात बारावीचे तीन-चार, दुसऱ्या शाळेतून आलेले एक-दोन, आणि 'रीक्लास' केलेले, म्हणजे आठवी किंवा नववी मुद्दाम दोनदा केलेले. हे बेकायदा नाही. नववीत पाऊल टाकल्यापासून सलग आठ सेमिस्टर एवढीच पात्रता मिळते, म्हणून आठवी पुन्हा केली तर काही जात नाही, नववी पुन्हा केली तर बारावीचं वर्ष हातचं जाऊ शकतं. वयाची अट न्यू जर्सीत अशी की १ सप्टेंबरच्या आधी एकोणीस पूर्ण झालेले नसावेत. म्हणजे तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाशी त्याच इयत्तेतला साडेपंधरा-सोळाचा मुलगा स्पर्धा करणार. या वयात दीड-दोन वर्षं म्हणजे चार इंच आणि पंधरा किलो.

म्हणून व्हर्सिटीच्या विजेतेपदांचा बोर्ड सोडा आणि गेल्या चार वर्षांचे रोस्टर, म्हणजे संघांतल्या नावांच्या याद्या, काढा. बहुतेक शाळांच्या संकेतस्थळावर मिळतात. नववीच्या फ्रेशमन संघात जी नावं होती, त्यातली किती बारावीत व्हर्सिटीत आहेत, हे बोटानं मोजा. पंधरातले सहा टिकले असतील तर ती शाळा मुलं घडवते. एकच टिकला असेल तर ती आयती घेते. दोन्ही प्रकारच्या शाळा विजेतेपद मिळवतात, पण फी तुम्ही भरणार आहात. कॅथलिक शाळेची साधारण पंधरा ते पंचवीस हजार डॉलर वर्षाला, स्वतंत्र डे-स्कूलची याच्या दुप्पटही असते. खेळासाठी म्हणून शाळेनं फी माफ करायची नाही, असा नियम आहे; सवलत मिळते ती उत्पन्नावरून, आणि तिचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा, वेगळ्या तारखेचा असतो. कोणी 'मुलाचं खेळाचं बघून फीचं जमवू' म्हणाला तर तिथून उठा. भुर्दंड शाळेला बसेल, पण मुलाची पात्रताही गेलेली असेल.

कोचशी कधी बोलावं, यावरही लोक फसतात. भरतीबंदीचा नियम किती बारीक असतो त्याचा नमुना टेनेसीचा. १९९७ मध्ये ब्रेंटवुड अकॅडमीच्या फुटबॉल कोचनं आठवीतल्या काही मुलांना वसंतातल्या सरावाला बोलावणारं पत्र पाठवलं. मुलांनी प्रवेशाच्या करारावर आधीच सह्या केलेल्या. पत्राखाली कोचनं लिहिलं होतं, 'तुमचा कोच'. राज्य संघटनेनं ती भरती ठरवली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेलं, २००१ मध्ये आणि २००७ मध्ये, आणि दुसऱ्या वेळी न्यायालयानं एकमतानं संघटनेची बाजू उचलून धरली. दोन शब्दांच्या सहीनं दहा वर्षं खाल्ली. तेव्हा आधी प्रवेश कार्यालय, मग ओपन हाऊस, आणि कोचशी भेट शाळेनं ठरवली तरच, शाळेतच.

हंगामाबाहेरच्या सरावाचंही तसंच. एलिझाबेथच्या सेंट पॅट्रिकला, जिथे कायरी अर्व्हिंग शिकत होता, २०१० मध्ये याच कारणासाठी राज्य स्पर्धेतून बाहेर काढलं होतं. ऑक्टोबरमध्ये कोणी 'हे ऐच्छिक आहे, पण सगळे येतात' म्हणालं की ऐच्छिकचा अर्थ ओळखा.

'टाऊनच्या शाळेत घालू, नाही जमलं तर दहावीत बदलू' हा विचारही तपासून घ्या. घर न बदलता शाळा बदलली की काही दिवस किंवा काही सामने बाहेर बसावं लागतं. आकडा राज्यागणिक वेगळा आणि वरचेवर बदलतो, म्हणून त्या वर्षाचं नियमपुस्तक वाचा किंवा शाळेच्या अॅथलेटिक डायरेक्टरला लेखी विचारा. लेखीच.

राहिला कॉलेजचा मुद्दा, कारण बहुतेक आई-बाबांच्या मनात तळाशी तोच असतो. हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतले साडेतीन-चार कोणत्या ना कोणत्या एनसीएए (कॉलेजांची क्रीडा संघटना) संघात जातात, डिव्हिजन वनमध्ये एखादाच. डिव्हिजन थ्री क्रीडा शिष्यवृत्ती देत नाही, आयव्ही लीगही नाही. चार वर्षांची खासगी फी ही शिष्यवृत्तीत वसूल होणारी गुंतवणूक धरून चालत असाल तर ते गणित इथेच थांबवा. शिक्षण, लहान वर्ग, शिस्त यांसाठी घालायचं असेल तर जरूर घाला, तो वेगळा हिशेब आहे.

पाच फूट दहा इंचांच्या मुलाला नववी-दहावीत हवे असतात खेळलेले सामने. फ्रेशमन आणि जेव्ही (व्हर्सिटीच्या खालचा संघ) मिळून हंगामात तीस-पस्तीस वेळा चेंडू हातात घेऊन प्रेसला तोंड देणारा मुलगा, खासगी शाळेच्या बेंचवर टाळ्या वाजवणाऱ्यापेक्षा अकरावीत पुढे असतो. तो उंच झाला नाही तरी गार्ड म्हणून उभा राहतो.

जानेवारीत एक काम करा. दोन्ही शाळांच्या जेव्ही सामन्याला जा. शाळा सुटल्यावर दुपारी असतात, गर्दी नसते. स्कोअर बघू नका. स्कोअरबुक भरणाऱ्याच्या मागे बसा आणि किती मुलं दहा मिनिटांहून जास्त खेळली ते टिपून ठेवा. कोच चूक झाल्यावर मुलाला लगेच बाहेर काढतो की पुढचा ताबा खेळू देतो, तेही लिहा. आणि येताना त्या जिमपासून घरापर्यंत संध्याकाळी सात वाजता रूट १ वरून किती वेळ लागतो तो घड्याळात बघा, कारण चार वर्षं सोडणं-आणणं तुम्हालाच करायचं आहे.